एवढी माणसं जाणार कुठं?

धाड या गावी माझ्या वडिलांच्या घरासमोरच मोटारी थांबायच्या. बुलढाण्याहून गाडी आली, धुरळा खाली बसला, की मी ओट्यावर येऊन उतरणाऱ्या माणसांकडे बघत बसायची. हा कुठून आला असेल? ही बाई एकटीच कशी? तिच्या गाठोड्यात काय असेल? एखाद्या वेळी मी सरळ विचारायचीसुद्धा. आई आतून ओरडायची, "तुले काय करा लागते लोकायचं? ये घरात!" पण माणसं कुठून येतात आणि कुठं जातात, ही उत्सुकता मला जन्मजात असावी. सातवी पास होऊन घरी बसले तेव्हा तर तोच माझा उद्योग झाला.

मग माझं लग्न झालं आणि मी अशा गावात आले जिथं मोटार कुणी पाहिलीच नव्हती असं नाही, पण गावात आलेली कुणी पाहिली नव्हती. धाडपासून गाव फार लांब नव्हतं. पण मध्ये एक खोल नाला होता, त्याच्या दोन्ही दरडी उभ्या, आणि बाकी सगळी काळी जमीन. पावसाळ्यात बैल गुडघाभर रुतायचे. उन्हाळ्यात गाडीवाट उघडी व्हायची, पण नाल्याच्या उतारावर बैलगाडीच्या मागे दोन माणसं जोर लावायला लागायची. लग्नाची वऱ्हाडं अशीच यायची. मीही तशीच आले.

आमच्या घरचे म्हणजे माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर होते. घरची शेती सासरे बघायचे. सासूबाई बोलायला फटकळ, पण मनानं मोकळ्या. मला तिथं कसली उणीव नव्हती. फक्त कान रिकामे वाटायचे. सकाळी भाकरी थापताना मी उगाचच मोटारीच्या भोंग्याची वाट बघायची.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. उन्हाळ्याच्या तोंडाशी देशभर माणसं मोजायचं काम निघालं आणि आमच्या गावाची मोजणी अर्थातच मास्तरांवर आली. पहिल्याच दिवशी हे वैतागून घरी परतले. गावचाच माणूस असल्यानं निम्म्या घरांत हे कुणाचे धाकटे दीर, कुणाचे भासरे म्हणजे थोरले दीर. बायका यांना बघितलं की डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढायच्या आणि आत पळायच्या. पुरुष वावरात. मग सांगणार कोण?

"तू चाल माह्यासोबत," हे म्हणाले. "तू विचार, मी भरतो."

सासूबाईंनी नाक मुरडलं. "नवी सून घरोघर फिरवतं का बे?" पण यांनी सरकारी काम म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. वर मला हळूच म्हणाल्या, "जाऊन ये. अन् पाटलाच्या मधल्या सुनेचं माहेर कोणतं, ते नीट विचारजो. मले कोणी खरं सांगत नाही."

अशी मी, गावात येऊन वर्षही झालेलं नसताना, गावातल्या प्रत्येक घराच्या चुलीपर्यंत गेले. काय मौज होती ती! नवऱ्याचं नाव विचारलं की बायका लाजून लाल. कुणी देवाची खूण सांगे, कुणी वाराची. एक म्हातारी म्हणाली, "पिवळा भंडारा उधळतेत ना, त्या देवाचं नाव." हे बाहेर ओट्यावर बसून हसत लिहून घ्यायचे. पण मला खरी गोडी लागली ती एका प्रश्नाची: जन्म कोणत्या गावचा?

पुरुषांचं उत्तर एकच, हेच गाव. बायकांची उत्तरं निराळी, पण फार निराळी नाहीत. चार घरं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तीच तीच गावं फिरून येताहेत. धाड, धाडच्या अलीकडचं, धाडच्या पलीकडचं, एक-दोन जालन्याच्या अंगाची. सकाळी जुंपलेली बैलजोडी दिवस मावळायच्या आत जिथवर पोचेल, तिथवरच आमच्या गावची सोयरीक होती. त्यापलीकडं जणू लग्नाच्या मुलीच जन्मत नव्हत्या. मी हे यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अरे हो की!" आणि पेन्सिल कानावर ठेवून भरलेली पानं पुन्हा उलटून बघू लागले.

मग आम्ही गावाच्या कडेला, मळ्यापाशी असलेल्या एका धाब्याच्या घरी गेलो. तिथं एक विधवा बाई आपल्या मुला-सुनेसोबत राहायची. मिरची, वांगी, मेथी असं काहीबाही पिकवून बाजारात पाठवायचे ते लोक. गावात तिला सगळे 'घाटाखालची' म्हणत. मी तिला पुढं मोठीमाय म्हणू लागले. अंगानं बारीक, उन्हानं करपलेली, डोळे मात्र मुलीसारखे चपळ.

"जन्म कुठला?"

"घाटाखालचा."

"गाव?"

"रोहिणखेड."

मी यांच्याकडे बघितलं. आम्ही घाटावरची माणसं. घाटाखाली म्हणजे डोंगर उतरून मोताळ्याकडचा मुलूख. तिथली हवा वेगळी, पिकं वेगळी, तिथं आमच्यातलं कुणी कधी जात नसे.

"एवढ्या लांबून तुम्ही इकडं कशा?"

तिनं हातातली मिरची खाली ठेवली. मला वाटतं, हा प्रश्न तिला फार वर्षांत कुणी विचारला नव्हता. "माह्या बापाले बैलायचा नाद," ती म्हणाली. "धाडच्या बाजारात गोऱ्हे घ्याले आला. माह्या सासऱ्याजवळची जोडी पसंत पडली, सासराही पसंत पडला. दोघायनं तिथीच झाडाखाली लग्न ठरवून टाकलं. बैल खाली गेले अन् मी वर आली."

"मोटारीनं?"

"कायची मोटार बाई! डोंगरातून बैलाची वाट होती. मी बापाच्या पुढी बैलावर बसून आली. एवढीशी होती. झोपली होती म्हणतेत."

"आणि परत माहेरी?"

"गेली ना. बाप होता तवर जात होती. शेवटची गेली तवा हा पोटात होता." तिनं अंगणात कुदळीला दांडा बसवत असलेल्या मुलाकडे बोट केलं. त्याच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. "मंग तिथी तापाची साथ आली. माय गेली, बाप गेला. भाऊ लहान. नेणारं कोणी आलं नाही."

"तुम्ही स्वतःच का नाही गेलात?"

"माहेराले बाई आपल्या मनानं जाते का? न्याले मुराळी या लागते." तिनं मिरची पुन्हा हातात घेतली. आणि आपण होऊन म्हणाली, "तिथी एक मोठी मशीद हाय. जुन्या दगडाची. दगडावर अशी वेलबुट्टी कोरेल हाय. तिच्या सावलीत आमी पोट्ट्या चिंचोके खेळो. असंन का अजून?"

हे म्हणाले, "असंन ना. दगड कुठी जाते?"

मोजणी संपली. पण मला ती बाई काही केल्या मनातून जाईना. दुपारी मळ्याकडे जाऊन मी तिच्यापाशी बसू लागले. तिला घाटाची वाट आठवायची ती तुकड्या-तुकड्यांनी. एक झरा, एक वाकडं झाड, बापाच्या पाठीचा वास. मी एकेक तुकडा विचारून काढायची, आणि तिलाही ते काढून देताना आपल्याच डोक्यात एवढं काय काय आहे याचं नवल वाटायचं.

त्याच सुमारास गावानं मोटार मागायची ठरवली. माणसं मोजून झाली होती, गाव आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा मोठं निघालं होतं, त्यामुळे सगळ्यांना जरा ताठा आला होता. अर्ज गेले, हेलपाटे झाले आणि अखेर एक दिवस एस.टी.चे एक साहेब जीप घेऊन नाल्यापर्यंत आले. नाल्याच्या पुढं चालत आले. मारुतीच्या पारावर बैठक भरली. चहा आमच्या घरून गेला म्हणून मी शाळेच्या ओसरीत होते आणि तिथून सगळं ऐकू येत होतं.

साहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गावात एवढी माणसं राहतात, हे खरं. पण एवढी माणसं जाणार कुठं?"

सरपंच म्हणाले, "बाजाराले."

"बाजाराला तुमच्या बैलगाड्या आहेतच की."

"तहसिलीत, कचेरीत."

"ते वर्षातून कितीदा?"

एक शेतकरी उठून उभा राहिला. "साहेब, रस्ता नाही म्हून आमी जात नाही."

"आणि तुम्ही जात नाही म्हणून रस्ता नाही," साहेब म्हणाले, आणि स्वतःच हसले. सगळेच हसले. पण मला तो प्रश्न नुसता हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. खरंच, आमच्या गावातल्या माणसांना कुठं जायचं होतं? मी घरी येऊन सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मले? मले काशीले." आणि लगेच, "नाही तं निदान माह्या बहिणीकडं. तिले पाह्यलं नाही लय दिवसाचं."

साहेबांनी एक वाट ठेवली. नाल्याच्या दरडी कापून गाडीपुरता उतार करा, मुरूम टाका, मग उघडीप असेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी गाडी पाठवून बघू. माणसं बसली तर ठेवू, नाही बसली तर दुसऱ्या गावाला देऊ.

पावसाळा सरला, सुगी झाली आणि गाव नाल्यावर लोटलं. पुरुषांनी दरडी फोडल्या, बायकांनी टोपल्यांनी मुरूम वाहिला. मोठीमायही यायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. टोपली रिती केली की ती कंबरेवर हात ठेवून उताराकडे बघत उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "एवढ्या बारक्या उतारासाठी आपुन अडून राह्यलो होतो का वं?"

गाडी आली तेव्हा पोरांनी नाल्यापासून गावापर्यंत तिच्या पुढं धाव घेतली. सरपंचांनी नारळ फोडला. बायकांनी गाडीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, ड्रायव्हरला टॉवेल-टोपी दिली. तो बिचारा इतका लाजला की उतरेचना. त्या दिवशी गावातले पुरुष गाडीत मावले नाहीत. कामं असोत नसोत, सगळे धाडला जाऊन आले. काही तर पुढं बुलढाण्यापर्यंत गेले आणि स्टँड बघून परत फिरले.

पुढच्या बाजाराला माणसं कमी झाली, त्याच्या पुढच्या बाजाराला आणखी कमी. त्यात कुणाचा आळस नव्हता. मिरचीची पोती, वांग्याच्या टोपल्या बैलगाडीतच जायच्या. आणि बैलगाडी जातेच आहे तर माणूसही तिच्यातच बसायचं. एका संध्याकाळी हे शाळेतून आले ते चिंतेतच.

"कंडक्टर मले म्हणून राह्यला होता, मास्तर, असंच चाललं तं गाडी बंद होईन."

मी विचारलं, "गाडीत बायका किती बसतात?"

हे आठवू लागले. "बायका? बसत नाहीत."

"का?"

"त्यायले कुठं जायचं असते?" यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

"माहेरी," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तेव्हाच आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर एकच बाई आली.

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेले. मोठीमाय रोपांना पाणी देत होती. मी म्हटलं, "चला, रोहिणखेडला जाऊन येऊ. धाडहून बुलढाणा, बुलढाण्याहून मोताळा. पुढं काही ना काही मिळेलच."

"येडी झाली का तू?" ती म्हणाली. "मुराळी नाही, सांगावा नाही, अन् अशीच दारात जाऊन उभी राहू?" तिचा मुलगाही तिथंच होता. तो म्हणाला, "माय, आता तिथी कोण वळखते तुले?"

तिनं पाण्याचा पाट एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवला. मग कंबर सरळ करून म्हणाली, "मले सांग मास्तरीण, तो गाडीवाला कोणाचा सोयरा हाय?"

"कुणाचाच नाही."

"अन् तो सगळ्यायले नेते?"

"सगळ्यांना."

"मंग त्याच्यासंगं गेलं तं नावं ठेवाले जागा कुठी राह्यते? तो काही माह्यासाठी येत नाही. तो आपला जाऊनच राह्यला." आणि ती स्वतःच्याच युक्तीवर खुदकन हसली.

दोन बायांनी एकट्यानं एवढ्या लांब जायचं, यावर आमच्या घरी बोलणं झालंच. सासरे गप्प बसले, म्हणजे त्यांना पसंत नव्हतं. निकाल सासूबाईंनी दिला. "जाऊ द्या. येताना ही धाडले मायबापाजवळ राहीन, पुढच्या बाजारच्या गाडीनं येईन. मी नाही गेली कुठी, हिले तरी जाऊ द्या."

बाजाराच्या दिवशी मोठीमाय पेटीतलं ठेवणीचं लुगडं नेसून आली. हातात गाठोडं, त्यात मळ्यातल्या मिरच्या आणि वांगी. "रिकाम्या हातानं कशी जाऊ?" गाडीत बाकीच्या बाकांवर पुरुष. आम्ही बसलो तशी त्यांची कुजबुज थांबली. कंडक्टरनं विचारलं, "कुठलं तिकीट, माय?" तर ती मोठ्यानं म्हणाली, "रोहिणखेड!" तो हसून म्हणाला, "ही गाडी बुलढाण्यापर्यंतच जाते." "मंग तिथवर नेऊन सोड बापा. पुढचं पुढी."

बुलढाण्याच्या स्टँडवर ती गोंधळून जाईल असं मला वाटलं होतं. उलट तीच मला ओढून सगळीकडे हिंडली. ही गाडी कुठली, ती कुठली, तो माणूस काय ओरडून राह्यला? मी पाट्या वाचून दाखवायची. खामगाव, चिखली, मलकापूर. प्रत्येक नावाला ती मान हलवायची, जणू मनात जपून ठेवत होती.

राजूरच्या घाटात मात्र तिला वळणं सोसली नाहीत. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मी पाठ चोळत राहिले. पण जरा बरं वाटलं की ती पुन्हा बाहेर बघायची. "हा आमचा घाट नव्हे," ती म्हणाली. "आमची बैलाची वाट दुसरीकडून उतरे. पण डोंगर त्योच. त्योच हाय."

मोताळ्याहून पुढं एका कापसाच्या बैलगाडीवाल्यानं आम्हाला बसवून घेतलं. रोहिणखेड जवळ आलं तशी ती गाठोडं मांडीवर घेऊन पुढं बघत बसली. मशीद दिसली तेव्हा गाडी थांबवून ती खाली उतरली. जुना दगड, त्यावरची वेलबुट्टी, सगळं तिनं सांगितलं होतं तसंच. पण ती चक्रावून उभी होती. "ही तं डाव्या हाताले होती," ती म्हणाली. मग मागं वळली, डोंगराकडे तोंड केलं, आणि तिचा चेहरा उजळला. आम्ही गावात दुसऱ्या बाजूनं शिरलो होतो, एवढंच. डोंगराकडून यायचं म्हटल्यावर सगळं गाव तिच्या डोक्यात जागच्या जागी बसलं. मग ती अशी चालायला लागली की मला तिच्या मागं पळावं लागलं.

एका दारापाशी ती थांबली. आत माझ्या यजमानांच्या वयाचा एक माणूस दोरी वळत होता. "कोण पाह्यजे?"

"ह्या घरची लेक हो मी," ती म्हणाली.

तो उठला, आम्हाला न्याहाळलं, आणि सावकाश म्हणाला, "आत्या?" बस म्हणाला, पाणी दिलं. पण त्याचा चेहरा बंदच होता. पाणी पिऊन होतंय तोच विचारलं, "कसं काय येणं केलं? काही काम होतं का?"

मला त्याचा रोख कळला नाही. मोठीमायला लगेच कळला. लेकींनाही बापाच्या जमिनीत वाटा मिळतो असा कायदा झाल्याचं तेव्हा गावोगाव बोललं जात होतं, आणि बऱ्याच भावांना बहिणींचा धाक वाटू लागला होता.

"वावर पाह्याले नाही आली बाबू," ती म्हणाली. "तुले पाह्याले आली. तू झाला तेही मले माहीत नव्हतं."

त्यानं मान खाली घातली. तेवढ्यात आतून त्याची आई आली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. भाऊ गेला हे मोठीमायला तिथंच, न सांगता कळलं. भावजय तिच्यासमोर येऊन बसली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला आणि म्हणाली, "असेच डोळे होते त्यायचे." मग दोघी रडल्या.

रडणं सरल्यावर मीच विचारलं, मला राहवलंच नाही. "त्या वेळी यांना न्यायला कुणी का आलं नाही?"

"आले होते ना!" भावजय म्हणाली. "मोठे झाले तसे हे धाडच्या बाजाराले गेले होते. गावाचं नाव कोणाले धड माहीत नव्हतं, बापासंगंच गेलं ते. धाडजवळ दिली, एवढंच ठावं. म्हून बाजारभर बहिणीचं नाव घेऊन विचारत हिंडले. कोणीच वळखे ना. दोन-तीनदा गेले. मंग समजले, मेली असंन."

लग्नात मोठीमायचं नाव बदललं होतं. जे नाव घेऊन भाऊ बाजारभर हिंडला, ते आमच्या गावात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. आणि बदललेलं नावही कोण घेत होतं? सगळ्यांच्या तोंडी 'घाटाखालची'. मी स्वतः घरोघर माणसं मोजत फिरले, तिच्या चुलीपाशी बसले, पण तिचं माहेरचं नाव विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

मोठीमाय भाच्याला म्हणाली, "तुह्या बापानं माह्यं नाव घेतलं बाजारात? मोठ्यानं?"

"हो आत्या. माय सांगते."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि पदरानं तोंड पुसून गाठोडं सोडलं, वांगी काढून दिली. भाच्यानं ती हातात घेतली आणि पहिल्यांदा हसला. "अशी वांगी आमच्याकडं नाही होत आत्या."

आम्ही राहिलो, गाव फिरलो. निघताना भावजयीनं तिची ओटी भरता येत नाही म्हणून खण तिच्या हातावर ठेवला आणि माझी ओटी भरली. परतीच्या वाटेवर मी धाडला उतरले, आईच्या हाताचं खाल्लं. मोठीमाय आमच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायची. आई म्हणाली, "आता दोघी झाल्या!"

गावात ही हकिकत पसरायला वेळ लागला नाही. पाणवठ्यावर, चक्कीवर, मळ्यात, बायका मोठीमायला गाठून पुन्हा पुन्हा ऐकायच्या. पुढच्या बाजाराला पाटलाची मधली सून गाडीत चढली. तिच्या मागोमाग दोघी जावा-जावा. मग सासूबाई, बहिणीकडं. त्यांनी आदल्या दिवसापासून मला धपाटे करायला बसवलं होतं. कुणी आजारी आईला बघायला, कुणी भावाच्या बाळाला. पुरुष बैलगाडीनं आणि बायका मोटारीनं, असा आमच्या गावचा बाजार जाऊ लागला. पुढं साहेब पुन्हा आले तेव्हा गाडी भरून निघालेली बघून त्यांनी यांना विचारलं, "ही माणसं जातात तरी कुठं?" हे म्हणाले, "सगळी माहेरी, साहेब." साहेबांना वाटलं मास्तर थट्टा करताहेत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एका बाजाराच्या दिवशी मोठीमायचा भाचा आमच्या गावात उतरला. त्यानं पारावर विचारलं तेही शहाणपणानं: आधी तिचं माहेरचं नाव सांगितलं आणि लगेच, "म्हंजे तुमची घाटाखालची." पोरं त्याला मळ्यापर्यंत घेऊन गेली. आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके घेतात. त्या वयात ती न्यायला आलेल्या भाच्यासमोर लाजली. "मले कामं हायेत," म्हणाली. "मिरचीची रोपं लावाची हायेत." सून म्हणाली, "आम्ही लावतो." मग "लुगडं धड नाही" म्हणाली. सुनेनं आपलं काढून दिलं. शेवटी गाडीनं भोंगा वाजवला तेव्हा ती पळतच निघाली.

ती गेली ती लवकर आलीच नाही. आखाजी झाली, पाऊस लागला, नाल्याचा मुरूम वाहून गेला आणि गाडी बंद झाली. तिचा मुलगा कासावीस झाला. अखेर तो चिखल तुडवत धाडला गेला आणि तिथून दोन गाड्या बदलत आईला आणायला रोहिणखेडला पोचला. आठवड्यानं परत आला तो एकटाच.

"माय कुठं?" आम्ही विचारलं.

"येत नाही म्हणे." तो ओट्यावर टेकला. "म्हणे, रस्ता वाळू दे, गाडी सुरू होऊ दे, मंग येतो. तिथी निंदनाले जाऊन राह्यली भावजयीसंगं." मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "मले तिथी मामी हाय, मामेभाऊ हाय, त्याची लेकरं हायेत. सगळे 'आतेभाऊ आला' म्हणून गोळा झाले. मास्तर, आपल्याले एवढी माणसं हायेत, हे मले माहीतच नव्हतं."

दसरा झाला, नाल्यात पुन्हा मुरूम पडला आणि गाडी सुरू झाली. मोठीमाय पहिल्याच गाडीनं आली. भाचा मोताळ्यापर्यंत बसवून द्यायला आला होता. पुढं ती एकटीच आली होती, बुलढाण्याला गाडी बदलून. अंगानं जरा भरली होती. मी पारापाशी गेले तर गाठोडं माझ्या हातात देऊन, घरचं, मळ्याचं काही न विचारता ती म्हणाली, "मास्तरीण, स्टँडवर एक बाई भेटली. बांगड्या विकाले आली होती. तिचं माहेर जालन्याच्याही पुढी, कुठी तरी नदीच्या काठी. नदी म्हणे एवढी मोठी की पलीकडचं माणूस वळखू येत नाही. किती लांब हाय वं ते?"

मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "यांना विचारून सांगते."